मदत हवी आहे : रात्री मोकळा व्हेंटिलेटर आणि काचेच्या नळ्या

नमस्कार. मी पलूस भागात अपघात विभागात रात्रपाळी करतो. परवा पहाटे ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली. पोटात कळा, पापण्या उचलेनात, चाव्याची खूण कुठेच नाही. खोपीत जमिनीवर झोपलेली. मण्यार सापाचाच दंश. एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) १० व्हायल दिल्या, तरी श्वास मंदावला. मोकळा व्हेंटिलेटर शोधण्यात पाऊण तास गेला, तोवर आम्ही आलटून पालटून हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत होतो. वाचली.

विटा, तासगाव, मिरजेच्या सहकाऱ्यांनो, कुठे व्हेंटिलेटर मोकळा आहे, एएसव्ही किती आहे, हे हंगामभर रोज संध्याकाळी कळवाल का?

घोणस चावलेल्यांच्या २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीला कोरडी, कोरी काचेची नळी लागते. आमच्याकडे प्लास्टिकच्याच येतात. सांगलीत कुठे मिळतील?