अनुभव धागा: डिलीट केलं, पण गेलं का?

मंडळी, परवा एका जुन्या अकाउंटचा सगळा डेटा डाउनलोड करून बघत बसले होते, तर त्यात कधीच्या काळी अनफ्रेंड केलेल्या माणसांची अख्खी यादी तारखांसकट हजर! तुमच्याकडे असं काय काय परत उगवलंय? आणि पुसून टाका म्हणून कुणी कंपनीच्या मागे लागलंय का, काय उत्तर आलं, तेही लिहा.

म्युनिककर: आमच्याकडे युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 17 आहे, डेटा पुसून घ्यायचा हक्क. एका डेटिंग अ‍ॅपला मेल टाकला की फोटो, चॅट सगळं काढा, तर आधी नुसतं सेटिंगमध्ये जा असं छापील उत्तर, मग कायद्यातल्या एक महिन्याच्या मुदतीची आठवण करून दिली तेव्हा कुठे खरा माणूस बोलायला लागला. बिलांचं रेकॉर्ड मात्र टॅक्ससाठी ठेवणार म्हणाले, ते ठीकच आहे. ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्सने 2011 मध्ये लॉ शिकताना फेसबुककडे स्वतःचा डेटा मागितला होता, 1,200 च्या वर पानं आली आणि त्यात त्याने डिलीट केलेले मेसेजसुद्धा!

रात्रपाळी: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी रात्री काहीतरी टाकून लगेच डिलीट फॉर एव्हरीवन केलं, पण दोघातिघांच्या फोनमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी चालू. सकाळी पार्किंगमध्ये तोच विषय 😀

रांगोळीवाली: माझं जरा लांबलचक आहे. दिवाळीतल्या रांगोळीचा माझा व्हिडिओ एका पेजने उचलला. नुसता शेअर केला असता तर मी मूळ पोस्ट काढल्यावर तिकडेही दिसायचा बंद झाला असता, पण यांनी डाउनलोड करून परत चढवलेला, त्यामुळे माझा काढला तरी त्यांचा चालूच, वर लोक त्यांनाच "ताई किती सुंदर" म्हणतायत. मेसेज केला तर म्हणे तुम्ही स्वतःच डिलीट केलाय ना, मग आता कशाला? अरे, पोस्ट काढली म्हणून कॉपीराइट जातो होय! शेवटी कॉपीराइटचा फॉर्म भरला, फोनमधली ओरिजिनल फाइल होती म्हणून मागितल्यावर दाखवता आली, गेला एकदाचा. तेव्हा बायांनो, पोस्ट काढायच्या आधी ओरिजिनल आणि लिंक जपून ठेवा.

नियमवाला: आपल्याकडे 2023 च्या डीपीडीपी म्हणजे डेटा संरक्षण कायद्यात पुसून मागायचं कलम 12 आहे, पण नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि हे कलम लागू व्हायला त्यापुढे 18 महिने, म्हणजे बसा. उलट 2021 चे आयटी नियम म्हणतात की अकाउंट बंद केलं तरी नोंदणीची माहिती कंपनीने 180 दिवस ठेवायचीच. तोवर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्याचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं, ऑनलाइनच आहे.

जुना स्क्रॅप: सगळे काढा काढा म्हणताय, माझं उलटं. ऑर्कुट, गूगलची जुनी सोशल साइट, 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं तरी पब्लिक कम्युनिटीजचं अर्काइव्ह नंतर राहिलं होतं, ज्याला नको त्याने आपलं ऑर्कुट कायमचं काढून टाकायचं. मित्राने काढलं, आणि आमच्या कम्युनिटीवरच्या अंताक्षरीतल्या त्याच्या सगळ्या ओळी गायब. मी आपला एकटाच "म वरून घे रे" म्हणत बसलोय!