मदत हवी आहे: बाप्तिस्मा वर्गात भरपाई कशी शिकवावी?

प्रभूमध्ये सलाम. पश्चात्तापाचा धडा बहुधा रडण्यावरच थांबतो. पण बायबलमधील लूक 3:10-14 मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान थेट व्यवहारावर बोट ठेवतो: दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. पुढे भरपाई, म्हणजे दुसऱ्याचे बुडवलेले परत करणे, येते. जुन्या करारातील गणना 5:7 मुद्दल अधिक पंचमांश सांगते, म्हणजे 1000 रुपयांचे 1200. येशूला भेटल्यावर पालटलेला जकातदार जक्कय (लूक 19:8) तर चौपट देतो. बाप्तिस्मा घेणाऱ्या शिष्याला नेमके काय सांगावे? चौपटीचा नियम केला की देवाच्या कृपेचा सौदा होतो. काहीच न सांगितले तर उधारी बुडालेला दुकानदार वाट पाहत बसतो! आणि ज्याचे देणे आहे तोच वारला, वारसही नसेल तर? गणना 5:8 प्रमाणे ते याजकाकडे जाई. आज मंडळीच्या दानपेटीत टाकावे की गरिबांना द्यावे? वर्ग घेणाऱ्या पाळकांनी कृपया सांगावे.