मदत हवी आहे: प्रमाणाची झेड चाचणी, कांद्याचं उदाहरण

नाशिकच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक गणित तयार होतंय, जाणकारांनी नजर टाकावी.

दावा असा की चाळीतल्या कांद्यात सडका माल ५ टक्क्यांहून जास्त नाही. नमुना २०० कांदे, सडके १६, म्हणजे ८ टक्के (आकडे उदाहरणापुरते). शून्य परिकल्पना (जी खरी धरून तपासायचं ती) सडक्यांचं प्रमाण ०.०५, पर्यायी त्याहून जास्त, सार्थकता पातळी (दावा फेटाळण्याची मर्यादा) ५ टक्के.

०.०५ × ०.९५ ÷ २०० याचं वर्गमूळ ०.०१५४, हा स्टँडर्ड एरर (नमुन्यागणिक प्रमाण साधारण किती हलतं ते). झेड (०.०८ आणि ०.०५ मधला फरक भागिले एरर) १.९५, पी-व्हॅल्यू (शून्य परिकल्पना खरी असताना इतके किंवा जास्त सडके निघण्याची शक्यता) ०.०२६, ५ टक्क्यांहून कमी, म्हणून दावा फेटाळला. मुलं हमखास चुकतात ती इथेच: ०.०५ च्या जागी नमुन्यातलं ०.०८ घालतात. मग एरर ०.०१९२, झेड १.५६, पी-व्हॅल्यू ०.०५९ आणि निष्कर्षच उलटा! चाचणी शून्य परिकल्पना खरी धरून चालते, म्हणून ०.०५ च घ्यायचं. इथवर शंका नाही.

अडलंय पुढे. २०० × ०.०५ = १०, म्हणजे झेड चाचणीची ‘अपेक्षित सडके किमान १०’ ही अट जेमतेम पुरी होते. १६ ऐवजी १५.५ धरून सातत्य सुधारणा (पूर्ण संख्येतली मोजणी सलग वक्राशी जुळवायला अर्ध्याची दुरुस्ती) केली तर झेड १.७८, पी-व्हॅल्यू ०.०३७. पहिल्या वर्षाला ही सुधारणा शिकवावी, की थेट द्विपदी वितरणाने (२०० पैकी १६ किंवा जास्त सडके निघण्याची नेमकी शक्यता मोजून) उत्तर काढून दाखवावं?

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. सड शेजारच्या कांद्याला लागते. सगळे २०० कांदे एकाच कोपऱ्यातून उचलले तर ते एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत, खरा एरर ०.०१५४ हून मोठा निघतो. चाळीच्या वेगवेगळ्या भागांतून, वरून-खालून थोडे थोडे कांदे घेतले असं गणितात लिहिलं तर साधी झेड चाचणी चालेल का?