'कच्चं लिंबू' कुणाला म्हणायचं?

मुलांच्या खेळातल्या एका शब्दाबद्दल विचारायचं आहे. धाकट्या भावंडाला किंवा सुट्टीत आलेल्या पाहुण्या पोराला डावात घेताना आपण म्हणायचो, 'हा कच्चं लिंबू हं!' म्हणजे तो पळणार, लपणार, आरडाओरडा करणार, पण आउट झाला तरी आउट नाही आणि त्याच्यावर राज्यही येणार नाही. काही ठिकाणी याच अर्थी 'लिंबूटिंबू' ऐकलं आहे.

आमच्या सोसायटीत 9 वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. मुलं त्याला रोज हाक मारून खाली बोलावतात आणि कच्चं लिंबू म्हणून लपाछपीत घेतात. त्याच्या आईला मात्र हा शब्द टोचतो. मला तो कायम मायेचा वाटत आला आहे. या दोन शब्दांत फरक काय, आणि अशा मुलाला तो लावणं योग्य आहे का?

प्रतिसाद, ठाणे

ताई, अर्थ एकच, पण दोघांची चाल वेगळी आहे. आमच्याकडे मुलगा असेल तर सर्रास 'कच्चा लिंबू' म्हणतात. लिंबू नपुंसकलिंगी आहे म्हणून 'कच्चं' बरोबर, हे पोरांच्या गावीही नसतं. 'लिंबूटिंबू' हा जोडशब्द. चहाबिहा, पुस्तकबिस्तक यांच्या धर्तीवर खरं तर 'लिंबूबिंबू' व्हायला हवं होतं. 'टिंबू' झाल्यामुळे तो कानाला आणखी चिमुकला लागतो.

हा शब्द पुढे मोठ्यांच्या तोंडी गेला आणि त्यात तुच्छता आली. वर्तमानपत्रांची क्रीडापानं दुबळ्या क्रिकेट संघांना 'लिंबूटिंबू' म्हणतात. केनियालाही त्याच रांगेत बसवलं जायचं आणि 2003 च्या विश्वचषकात तो संघ उपांत्य फेरीत पोचला.

'कच्चं लिंबू' तसं नाही, कारण कच्चं ते पिकतं. या दिवाळीत कच्चं लिंबू असलेला धाकटा पुढच्या दिवाळीत पक्का भिडू होतो, हे त्यालाही ठाऊक असतं आणि म्हणून तो चिडत नाही. या शब्दातली माया त्याच्या मुदतीत आहे. तुमच्या शेजारच्या मुलाच्या बाबतीत ती मुदत कुणी ठरवलेलीच नाही. माझ्या मते आईला टोचतं ते हे.

प्रतिसाद, हैदराबाद

इकडे तेलुगूत अशा भिडूला 'आटलो अरटिपंडू' म्हणतात, म्हणजे खेळातलं केळं. बंगालीत 'दूधभात'. दोन्ही शब्द लहानग्याच्या खाण्यातले, गोड. तमिळमध्ये मात्र 'ओप्पुक्कु चप्पाणी' म्हणतात आणि चप्पाणी म्हणजे पांगळा. नावापुरता घेतलेला भिडू आणि पांगळा माणूस त्या भाषेने एकाच शब्दात बसवले. शब्द जुना आहे, बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं हे खरं. पण एखाद्या पांगळ्या मुलासमोर तो उच्चारला जात असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल?

प्रतिसाद, सातारा जिल्हा

मी विशेष शिक्षिका आहे. गावोगावच्या शाळांमध्ये जाते, त्यामुळे हा शब्द मैदानावर सतत कानावर पडतो. वर 'मुदत' म्हटलंय ते अगदी पटलं. पण शब्द बदलून भागणार नाही, त्यामागचा नियम बघायला हवा. कच्च्या लिंबाला नियमातून सूट असते. सूट मिळालेलं मूल डावात असतं, पण डाव त्याच्यामुळे इकडचा तिकडे होत नाही. चार दिवसांत हे त्यालाही कळतं.

एका शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेली तिसरीतली मुलगी होती. वॉकर घेऊन चालायची. लगोरीत ती कच्चं लिंबू, म्हणजे भिंतीपाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. चौथीतल्या एका मुलीने एकदा तोड काढली. हिने जवळच्या रेषेवरून चेंडू मारायचा. लगोरी फुटली की हिने खाली बसायचं, बाकीच्यांनी चिपा गोळा करून आणून द्यायच्या आणि सातही एकावर एक हिनेच रचायच्या. रचताना चेंडू लागला तर मात्र आउट, फक्त चेंडू कापडी घ्यायचा. दुसऱ्याच डावात तिला चेंडू लागला. तिने 'लागलाच नाही, चाटून गेला!' म्हणून असं काही भांडण उकरलं की मधली सुट्टी संपली. शाळेतल्या बाईंना काळजी वाटत होती, मला त्या भांडणाचा आनंद झाला. कच्च्या लिंबाला भांडायला कारणच नसतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हीच दिशा आहे. समावेशक शिक्षणाच्या व्याख्येत दिव्यांग आणि इतर मुलांनी एकत्र शिकावं एवढंच म्हटलेलं नाही. मुलांच्या गरजेनुसार शिकवण्याची पद्धत जुळवून घ्यावी, असंही त्यात आहे. कलम 16 मध्ये शिक्षणासोबत खेळ आणि करमणुकीची समान संधी स्पष्ट नमूद केली आहे. खेळाचा तास आला की 'तू बस बाळा, दमशील' म्हणणाऱ्यांना हे कलम मी वाचून दाखवते.

आणखी एक. शिक्षकांच्या खोलीत 'सांभाळून घ्या', 'चालवून घ्या', 'सामावून घ्या' हे तिन्ही एकाच दमात म्हटले जातात. सांभाळून घेतो ते चुकलेल्याला, चालवून घेतो ते कमअस्सल असलेल्याला. सामावून घेताना आपल्याला सरकून जागा करावी लागते. 'मावणे' शेजारी ठेवून पाहा, लगेच लक्षात येईल.

ताई, तुमच्या सोसायटीतल्या मुलाबद्दल एक विचारते. लपाछपीत पाठीवर धप्पा देतात का? बऱ्याच स्वमग्न मुलांना अचानक झालेला स्पर्श किंवा कानाजवळची किंकाळी सहन होत नाही. हात न लावता, दोन पावलांवरून 'धप्पा' म्हटलं तरी डाव तसाच चालतो. हा नियम सगळ्यांनाच ठेवा, त्याच्या एकट्यासाठी नको. आणि राज्य म्हणजे काय, ते एकदा त्याला खेळाबाहेर, शांतपणे करून दाखवा: डोळे मिटायचे, मोजायचं, शोधायचं, नाव घ्यायचं. क्रम पक्का कळला की बरीच मुलं राज्य आवडीने घेतात.

प्रतिसाद, नाशिक

गडी पाडायची जुनी रीत आठवली. दोन कप्तान बाजूला उभे. बाकीच्यांनी जोड्या करून, खांद्यावर हात टाकून, लांब जाऊन गुपचूप नावं ठेवायची आणि येऊन विचारायचं, 'चांद हवा की सूर्य?' कप्तान नाव मागणार, माणूस नाही. त्यामुळे कुणी शेवटी उरत नसे. हल्ली कप्तान बोट दाखवून एकेकाला उचलतात आणि तेच एक मूल रोज शेवटी राहतं. ती जुनी रीत मुलांना पुन्हा शिकवायला हवी. फक्त जोडी करताना कुणी एकटं पडत नाही ना, एवढं मोठ्यांनी बघावं.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. सातारच्या ताई, तुमचा धप्प्याचा प्रश्न थेट त्याच्या आईला विचारला. पाठीवर थाप पडली की तो जिन्याकडे पळतो, आणि मुलांना वाटतं कंटाळून गेला. म्हणूनच त्यांनी त्याला कच्चं लिंबू ठरवलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो त्याला त्रास न देण्याचा मार्ग होता. आज संध्याकाळी मुलांशी बोलले. हात न लावता धप्पा सगळ्यांना मान्य आहे. एकीने विचारलं, 'मग आता त्याच्यावर पण राज्य येणार?' येणार म्हटलं.

उद्या तो आधी घरी आईबरोबर राज्य घेऊन बघेल, मग खाली येईल. मोजायला लागला की शंभराच्या आत थांबत नाही, असं आई म्हणते. मुलांना मी आधीच सांगून ठेवलं आहे की लपायला भरपूर वेळ मिळेल.