मदत हवी आहे : एन्लिल वाऱ्याचा देव, मग अदद कशाचा?

मंडळी, मेसोपोटेमियाच्या देवांमध्ये गाडी अडली आहे. निप्पूर शहराचा एन्लिल हा वाऱ्या-वादळाचा मुख्य देव, त्याचं देऊळ एकूर म्हणजे ‘पर्वतगृह’, एवढं कळलं. नावाची फोड ‘एन’ म्हणजे स्वामी आणि ‘लिल’ म्हणजे वारा अशी करतात (ती सगळ्या अभ्यासकांना पटत नाही म्हणे).

पण मग गडगडाट आणि पाऊस अददकडे कसा? अत्राहसिसच्या (महापुरातून वाचलेल्या माणसाच्या) अक्कडी भाषेतल्या प्राचीन काव्यात माणसांच्या गोंगाटाने एन्लिलची झोप मोडते. तो आधी रोगराई पाठवतो, मग अददला पाऊस अडवायला सांगतो. लोक एन्कीच्या (शहाणपणाच्या देवाच्या) सल्ल्याने बाकीच्या देवांना सोडून थेट अददच्या दारात भाजलेली भाकरी नेऊन ठेवतात. तो ओशाळतो आणि पहाटे गुपचूप धुकं, रात्री दव पाडतो! हा प्रसंग मला फार आवडला. साहेबाचा हुकूम मोडायचा, पण बोभाटा न करता.

म्हणजे एन्लिल हुकूम देणारा आणि अदद अंमलबजावणी करणारा, असं समजायचं का? की सुमेरी इश्कुर म्हणजेच अदद हा मुळात वेगळ्या गावाचा देव? निप्पूरच्या मातीच्या पाट्या वाचलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. मराठीत काही वाचायला मिळालं तर उत्तमच.