मदत हवी आहे: साडेचार फुटी अंतराळयानाचा कणा सरळ कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

मुक्काम सांगली. सध्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मधलं डिस्कव्हरी यान करायला घेतलंय. तयार किट नको. नळ्या, सनबोर्ड, भंगारातले सुटे भाग यांतून सगळं हातानं करायचं. इथे सुतारकाम, थ्रीडी प्रिंटिंग, वायरिंग जाणणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी: पुढे मोठा गोळा, त्यात माणसं राहतात. मागे इंजिनांचा ठोकळा. दोन्हींच्या मधे लांबच लांब कणा, त्यावर मणक्यांसारखे एकसारखे डबे आणि मध्यावर अँटेना. अणुइंजिन माणसांपासून जितकं लांब तितकं बरं, म्हणून हा कणा. खरं तर अशा इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला पंखांसारखे भलेमोठे रेडिएटर लागतात. पण अवकाशात पंख कशाला, असं प्रेक्षक विचारतील म्हणून ते गाळले, हे सिनेमाचे सहलेखक आर्थर क्लार्क यांनीच सांगितलंय. शास्त्र हुकलं, पण माझं काम वाचलं! सासऱ्यांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "हा तर आडवा ठेवलेला तंबोरा." मिरजेचे आहेत, त्यांना दुसरं काय दिसणार.

माप असं ठरवलंय. शूटिंगचं मोठं मॉडेल ५४ फूट लांब होतं आणि त्याचा गोळा ६ फूट व्यासाचा. लांबून घ्यायच्या दृश्यांसाठी १५ फुटांचं धाकटं भावंडही होतं. सिनेमा १९६८चा, नंतर ती मॉडेलं मोडीत गेली, त्यामुळे आता फोटो आणि सिनेमातल्या फ्रेम हाच आधार. मी सरळ फुटांचे इंच केले: ६ इंची गोळा, ५४ इंची यान. ६ इंच अशासाठी, की कंपाउंडच्या गेटवर लावतात तो दुधी ॲक्रिलिकचा गोल दिवा त्या मापात मिळाला. हलका, पोकळ, आणि होल्डरचं भोक नेमकं मागे कण्याकडे येतं. थर्माकोलच्या गोळ्याचा विचार सोडला तो त्यामुळेच. त्यावर गाडीला भरतात ती लांबी (पुट्टी) किंवा स्प्रे पेंट गेला की थर्माकोल विरघळतो, मग आधी एपॉक्सीचं नाहीतर फेविकॉल-कागदाचं कवच चढवत बसा.

अडलंय ते कण्यापाशी. १२ मिमीची गोल ॲल्युमिनियम नळी मध्यावर स्टँडला धरून दोन्ही टोकांना वजनं लावून पाहिली. गोळ्याकडची बाजू ठीक, इंजिनाकडची सेंटिमीटरभर झुकते. अवकाशात वजन नसतं, आमच्या टेबलावर असतं. खाली दोन-तीन खांब दिले तर प्रश्न मिटेल, पण मग ते यान न वाटता पूल वाटतो. मला आधार एकच हवाय. शिवाय गोळ्यातल्या एलईडीच्या वायरी कण्यातूनच मागे न्यायच्या आहेत.

दुसरं, ते एकसारखे डबे. तीन-चार चांगले होतात, पुढे हात कंटाळतो आणि कडा चुकायला लागतात. सगळे एकसारखे यायला सोपी वाट कोणती?

जाणकारांनी सांगावे.

अर्धा_इंच:
गोल नळी सोडा. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे जा, पाऊण इंची चौकोनी पाइप मागा, जाडी सव्वा मिमीच्या आसपास. तुमच्या नळीपेक्षा आठपट तरी ताठ. बाहेरचं माप वाढलं की ताठपणा झपाट्यानं वाढतो, नुसती जाडी वाढवून तेवढा नाही. लोखंड तिप्पट ताठ असतं, पण वजनही जवळपास तिप्पट, आणि ते सगळं तुमच्या एकाच खांबावर. डब्यांच्या आत १९ मिमी बसतंय का तेवढं बघा.

धागाकर्ता:
बसतंय. डबे बाहेरून ३२ मिमी आहेत.

अर्धा_इंच:
मग झालं. आणखी एक: आधार मध्यावर कशाला? वजनाचा तोल जिथे येतो तिथे द्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला सरकवून. टोकाला तेवढंच वजन धरलं तर लोंबती लांबी निम्मी झाल्यावर वाक आठवा हिस्सा उरतो. चार-पाच इंच सरकवलंत तरी फरक दिसेल. इंजिनाचा ठोकळा भरीव करू नका. सनबोर्डची पोकळ पेटी करून वरून नक्षी चिकटवा.

तारेवरची_कसरत:
सासऱ्यांचं बरोबर आहे हो! तंबोऱ्याची दांडीसुद्धा आतून पोकळच असते. लाकूड तुनीचं, चांगलं मुरलेलं. तुम्ही मिरजेत सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन या. दांडी भोपळ्याला जोडतात तो सांधा नीट बघा. तुमचा गोळा पाइपला जोडताना नुसत्या डिंकावर भरवसा ठेवू नका. पाइपवर प्लायवूडची चकती घट्ट बसवा, ती भोकात आतून अडकली पाहिजे. दिवा उतरवून दुरुस्तीही करता येईल.

मेणाचा_साचा:
डब्यांसाठी: एकच डबा मन लावून करा, सिलिकॉन रबरचा साचा घ्या, मग रेझिन ओतत जा. पण पॉलियुरेथेन रेझिन आत्ता पावसाळ्यात ओतू नका, हवेतला ओलावा धरून फेस येतो. एपॉक्सी चालेल, फक्त वाळायला वेळ घेतं. भरीव ओतू नका, नाहीतर वाचवलेलं वजन इथून परत येईल. तीन बाजूंचं पातळ कवच ओता आणि पाइपवर खोगिरासारखं बसवा.

थ्रीडी प्रिंट स्वस्त पडेल, पण थरांच्या रेषा घासण्यात जीव जातो. मी तरी मूळ डबा तेवढा प्रिंट करून घासेन आणि बाकी साच्यातून काढेन.

धागाकर्ता:
कवचाची कल्पना एकदम पटली. वायरीही खालून नेता येतील.

गोळ्यावरच्या आडव्या रेषा कशा मारल्या ते विचारणारा मेसेज आलाय, इथेच लिहितो. केकचं फिरतं स्टँड घेतलं, गोळा भोकाची बाजू खाली करून बरोबर मधोमध बसवला, पुस्तकांच्या चवडीवर पेन्सिल टेकवून स्टँड फिरवलं. पुढच्या रेषेला एक पुस्तक कमी. उभ्या रेषांना कागदाची पट्टी.

रंगारी_काका:
ॲक्रिलिकवर थिनरवाला रंग एकदम जाड मारू नका, बारीक तडे जातात. आधी प्रायमरचे पातळ हात, मधे पूर्ण वाळू द्या. ओल्या हवेत लॅकर पांढरट पडतं, तेव्हा शेवटचा हात उघडीप असेल तेव्हाच. आणि सगळं एकाच पांढऱ्यात रंगवू नका. त्याच रंगात काळ्याचे दोन-चार थेंब टाकून तीन-चार छटा करा, थोडे चौकोन वेगळे ठेवा. लांबून कळत नाही, पण मोठेपणा त्यानंच वाटतो.

धागाकर्ता:
काका, रंग दिवाळीनंतरच. तोवर सगळं वरच्या मजल्यावर. २०१९च्या पुरानंतर आमच्या गल्लीत तळमजल्यावर कोणी मोलाचं काही ठेवत नाही.

पाइप आणतो आणि तोल काढून आधाराची जागा इथे टाकतो. सिलिकॉन रबर सांगली-कोल्हापुरात किरकोळीत कोण देतं? मला किलोभर पुरे, दुकानदार मोठा डबा घ्या म्हणतोय.