मदत हवी आहे : सासरच्या रेशनकार्डातून नाव कसं काढायचं? (नाशिक)
शेजारच्या ताई सातपूरला राहतात. नवरा चार वर्षांपूर्वी सोडून गेला. घटस्फोट नाही, पोटगीही नाही. मुलं दोन, नऊ आणि सहा वर्षांची. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज करायचाय. मुलामागे महिना २२५० रुपये म्हणजे या घराला फार मोठा आधार. आधारकार्डं, बोनाफाईड, पासबुक तयार आहे. अडलंय उत्पन्नाच्या दाखल्यावर, कारण तिघांची नावं अजून सिन्नर तालुक्यातल्या सासरच्या कार्डात आहेत. प्रतिज्ञापत्र आणि पोलीस तक्रारीची प्रत दिली, तरी उत्तर एकच, ‘मूळ कार्ड आणा.’ सासरी जा असं कृपया सुचवू नका, तिथे मारहाण झालीय. ताई धुणीभांडी करतात, खाडा झाला की पैसे कापतात.

मूळ कार्डाशिवाय नाव कमी करून कोणी नवीन कार्ड काढलंय का? अर्ज सिन्नरला दिलात की नाशिकला, आणि सोबत नेमकं काय जोडलंत?